वाशिष्ठीला पाणी किती?

जुलैच्या पहिल्या आठवड्यात बाबा खळ्यात घसरून पडले. शेवाळ धरलेल्या पायरीवरून पाय सरकला, पडताना हात टेकला आणि मनगटाचं हाड मोडलं. रात्रीच कुडाळला नेऊन प्लास्टर घातलं, पण मला घाबरवायला नको म्हणून वहिनीने फोन केला तो सकाळी. मी डबे भरत होते. वय 83, त्यात पावसाळा. पुढचं काही सुचेना. मुलाने मोबाइलवर विमानाचं तिकीट काढलं आणि साडेसातला मी डोंबिवलीच्या घरातून बाहेर पडले. दुपारी दोनला पडवीत बाबांच्या समोर उभी होते. ते आरामखुर्चीत, हात उशीवर, चेहरा सुकलेला पण नजर नेहमीसारखी. माझ्याकडे बघून त्यांनी नेहमीचंच विचारलं, ‘‘काय गो, वाटेत काय काय बघलंस?’’

मी गावी आले की त्यांचा पहिला प्रश्न हाच असतो. प्रवास कसा झाला, गर्दी होती का, असलं ते विचारत नाहीत. वाटेत काय बघितलंस, आणि मग एकेक करून : चिपळूणच्या वाशिष्ठीला पाणी किती होतं, भाताची लावणी कुठपर्यंत आली, रत्नागिरीकडे पाऊस होता का, गाडी क्रॉसिंगला कुठे थांबली. चहाचा कप हातात येईपर्यंत मी हे सगळं सांगायचं आणि त्यांनी डोळे मिटून ऐकायचं, असं आमचं गेली पंचवीसेक वर्षं चाललं आहे. त्या दिवशीही तोंड उघडलं आणि सांगायला काहीच सापडेना.

‘‘बाबा, विमानान इलंय.’’

‘‘हां,’’ ते म्हणाले आणि खळ्यातल्या पावसाकडे बघू लागले.

एवढंच. ते रागावले नव्हते. मी आले म्हणून उलट खूश होते, रात्री पेज आणि भाजलेला सुका बांगडा पोटभर जेवले. पण तो ‘हां’ माझ्या मनातून जाईना. हातपाय धुवायला न्हाणीघराकडे गेले तेव्हा चपलेकडे लक्ष गेलं. सकाळी स्टेशनच्या वाटेवर उडालेला डोंबिवलीचा काळा चिखल पट्ट्यांवर तसाच होता, अजून नीट वाळलेलाही नव्हता. त्यावर खळ्यातली तांबडी माती नुकती लागली होती. मी पाण्याची धार सोडली आणि दोन्ही रंग एकत्रच वाहून गेले. मधल्या पाचशे किलोमीटरांचं माझ्या अंगावर काहीच नव्हतं.

खरंच, मी काय पाहिलं होतं? रांगा, ट्रे, पट्टा, थंडगार हवा. बिस्किटाच्या पुड्याएवढ्या खिडकीबाहेर पाचेक मिनिटं ओली मुंबई, मग सगळं पांढरं. तासाभराने तो पांढरा रंग फाटला आणि खाली एकदम हिरवा सडा, कातळाचं पठार, आला. त्या पांढऱ्याखाली सावित्री होती, जगबुडी होती, वाशिष्ठी, शास्त्री, काजळी, गड सगळ्या तुडुंब वाहत असणार. लाखभर माणसं वाकून तरवा, भाताची रोपं, लावत असणार. मला त्यातलं पान हललेलंही दिसलं नाही. मोप्याला, गोव्यातल्या विमानतळावर, उतरले. कोकण रेल्वे बांधताना सगळ्यात शेवटपर्यंत अडून बसला तो पेडण्याचा बोगदा. आतली माती इतकी भुसभुशीत की खणावं तेवढी ढासळायची. 740 किलोमीटरचा मार्ग होत आला तरी तेवढा तुकडा हाती लागत नव्हता. त्याच पेडणे तालुक्यातल्या सड्यावर विमान असं अलगद टेकलं की शेजारच्या बाईंना जागही आली नाही.

बाबांचा प्रश्न हौसेचा नाही, हे कळायला मला बरीच वर्षं लागली. ते पहिल्यांदा मुंबईला गेले 1959 साली, सतराव्या वर्षी, वेंगुर्ल्याहून बोटीने. तेव्हाची वाट बंदरांची होती. पडावात बसून बोटीपर्यंत जायचं, शिडीवरून वर चढायचं आणि मग मालवण, देवगड, विजयदुर्ग, रत्नागिरी, जयगड असं एकेक बंदर घेत भाऊच्या धक्क्याला लागायचं. बंदराबंदराला पडाव भरून माणसं यायची, त्यांच्याबरोबर बातम्या यायच्या. पावसाळ्यात बोट बंद, म्हणजे आषाढात घरी कुणी दगावलं तरी चाकरमान्याला डोंगरावरून चालत, मिळेल त्या गाडीने यावं लागे. पुढे एसटी आली आणि वाट घाटांची झाली. माझं लहानपण त्या वाटेवरचं. दर मे महिन्यात लाल डब्यात मांडीवर पिशवी घेऊन रात्रभर बसायचं. कशेडी आला की आई लिंबू हातात द्यायची, परशुराम घाट उतरताना डोळे मिटायला लावायची, आणि हातखंब्याच्या तिठ्यावर कंडक्टरने हाक दिली की अर्धी वाट सरली म्हणून मोठी माणसं सुस्कारा टाकायची. 1982 च्या संपात बाबांची गिरणी गेली, वर्षभराने आम्ही बिऱ्हाड उचलून कायमचे गावी आलो, तेही त्याच वाटेने. मग रेल्वे आली आणि वाट नद्यांची झाली. बोटीच्या वाटेवर नद्या फक्त मुखाशी भेटायच्या, एसटीतून रात्री दिसायच्या नाहीत. आता त्या एकेक करून खिडकीखालून जायला लागल्या.

माझ्या विमानाच्या वाटेला एकच नाव होतं, जिथे उतरायचं त्या गावाचं.

वाशिष्ठीबद्दल ते मुद्दाम विचारतात, त्यालाही कारण आहे. 26 जुलै 2005 ला आणि मग 22 जुलै 2021 ला तिने चिपळुणात काय केलं ते कोकणातल्या कुणाला सांगायला नको. 2021 ला गाड्या जागच्या जागी थांबल्या, हजारो माणसं स्टेशनांवर अडकली, आणि बाबा दोन दिवस रेडिओला कान लावून बसले होते. आमचं चिपळुणात कुणीही नाही. पण चार-पाच तासांच्या अंतरावरच्या नदीला पाणी किती, हे घरच्या विहिरीला किती यासारखंच त्यांना वाटतं. लावणीचंही तसंच. पाऊस दक्षिणेकडून येतो, आमच्याकडे आधी आणि पेण-पनवेलला नंतर. त्यामुळे जूनअखेरीला मुंबईहून निघालं तर शेती डोळ्यांदेखत पुढे सरकत जाते. पेणच्या बाजूला बोटभर तरवा, खेड-चिपळूणला चिखलणी, गुडघाभर पाण्यात जोतं, राजापूरच्या पुढे बायका रांगेने वाकलेल्या, डोक्यावर इरलं नाहीतर प्लास्टिकचा कागद, आणि कुडाळला येईपर्यंत भाताचे कोपरे लावून हिरवे झालेले. एका दिवसात महिनाभराची शेती पाहून मी घरात पाऊल टाकायची. ती बातमी संध्याकाळी बाबांकडून शेजारी, शेजाऱ्यांकडून वाडीत जायची. माझ्याकडून त्यांना तीच हवी असायची. मुंबईचा खाऊ दुसऱ्या दिवशी उघडला तरी चालायचं.

ही रेल्वे आमच्याकडे आली त्याआधी किती वर्षं तिची नुसती चर्चा होती! बॅ. नाथ पै गेले, मधु दंडवते राजापुरातून पुन्हा पुन्हा निवडून आले, सभांमध्ये रेल्वेचा विषय निघाला नाही असं व्हायचं नाही. 1990 ला महामंडळ झालं आणि ई. श्रीधरन यांच्या देखरेखीखाली आठ वर्षांत, नव्वदच्या वर बोगदे खणून, 26 जानेवारी 1998 ला सगळा मार्ग देशाला मिळाला. आमच्या भावकीतल्या एका काकांचा मळा रुळांखाली गेला. दोन पिकांचा, पाटाच्या पाण्याचा. काका शेवटपर्यंत गाडीत बसले नाहीत. पण ती येण्याची वेळ झाली की बांधावर जाऊन उभे राहायचे. काय बघत असत ते मी कधी विचारलं नाही, आणि आज वाटतं, विचारायला हवं होतं.

मी पहिल्यांदा गाडीने माहेरी आले ती 1998 च्याच मे महिन्यात, मांडीवर दहा महिन्यांचा मुलगा. पनवेल सुटलं तसा तो रडायला लागला तो थांबेना. समोरच्या बाकावर एक म्हाताऱ्या आजी होत्या, संगमेश्वरला उतरणाऱ्या. त्या उठल्या, त्यांनी माझ्याच पिशवीतून जुनी साडी काढली, दोन बाकांच्या वरच्या साखळ्यांना तिची झोळी बांधली आणि पोराला आत घातलं. गाडीच्या हेलकाव्याने झोळी आपोआप झुलू लागली. मधून कुणी चहावाला गेला तरी वाकून जायचा, एक हात झोळीला लावून तिला थोडी गती द्यायचा. वीर, खेड, चिपळूण अशी तीन-चार तास ती झोळी अख्ख्या डब्याने हलवली. आजी उतरल्या तेव्हा पोरगा झोपलेलाच होता. त्यांनी त्याच्या पायाच्या तळव्याला बोट लावून ते आपल्या कपाळाला टेकवलं आणि गेल्या. ना मी त्यांचं नाव विचारलं, ना त्यांनी माझं. त्याच पोराने आता मला विमानाचं तिकीट काढून दिलं.

गाडीतल्या थांबण्याबद्दल मला मुद्दाम लिहायचं आहे, कारण लोक सगळ्यात जास्त त्याच्यावरच वैतागतात. रोह्यापासून वीरपर्यंत आता दोन रूळ झाले, पण पुढे बहुतेक एकच. समोरून गाडी येत असेल तर आपल्या गाडीने एखाद्या छोट्या स्टेशनात बाजूला होऊन उभं राहायचं. डब्यातले पंखे फिरत असतात, पण चाकांचा आवाज थांबलेला असतो, आणि तो थांबला की बाकीचे आवाज ऐकू येतात. पत्र्यावर ठिबकणारी पागोळी. रातकिडे, भर दुपारी. कुठल्या तरी झाडावर भारद्वाज घुमतो आहे. माणसं दारात येतात, प्लॅटफॉर्मवर उतरून पाय मोकळे करतात, कुणी डबा उघडतो आणि घावन-चटणीचा वास सुटतो. समोर जांभ्याचा कापलेला कडा, तांबडा, भोकाभोकांचा, आणि त्याच्या प्रत्येक भोकातून नेच्याचं एकेक पान बाहेर आलेलं, प्रत्येक पानाच्या टोकाला पाण्याचा एक थेंब. तो थेंब मोठा होतो, लांबतो, पडतो, दुसरा येतो. मी एकदा त्याच्याकडे बघत बसले आणि समोरची गाडी धडधडत येऊन गेली तेव्हा दचकले. वीस मिनिटं झाली होती. डोंबिवलीत मला पाण्याचा एक थेंब असा बघत बसायला कोण देणार आहे?

पावसाळ्यात गाड्या सावकाश चालतात, त्यालाही लोक नाराज असतात. मला त्या सावकाशीची कदर आहे. जून 2003 मध्ये वैभववाडीजवळ रात्री रुळांवर दरड आली आणि खास सोडलेली गाडी घसरली, पन्नासहून अधिक माणसं गेली. आमच्या वाडीने ती रात्र जागून काढली होती, कारण मे महिन्याची माणसं अजून परतत होती. तेव्हापासून पावसात वेग आणखी आवळला, कड्यांना जाळ्या लागल्या आणि गस्त वाढली. भर पावसात, मैलोन्‌मैल घर नसलेल्या कटिंगमध्ये, रेनकोट घातलेला एक माणूस हिरवं निशाण धरून उभा दिसतो. गाडी जाते तेवढा वेळ तो हलत नाही. त्याच्या पायाशी पाणी वाहत असतं, निशाण ओलं होऊन काठीला चिकटलेलं असतं. दोन सेकंद दिसतो आणि मागे जातो. माझी आई असेपर्यंत अशा प्रत्येक माणसाला खिडकीतून हात जोडायची. आता मीही जोडते.

विमानाला मी नावं ठेवणार नाही. त्या दिवशी घरातून निघाल्यापासून घरात पोचेपर्यंत साडेसहा तास लागले, गाडीने दहा लागले असते आणि तेही सकाळची गाडी गाठली असती तर. ती मी फोन यायच्या आधीच चुकवली होती, म्हणजे रात्रीशिवाय निघता आलं नसतं. 9 ऑक्टोबर 2021 ला चिपीचा विमानतळ झाला तेव्हा आमच्याकडे कित्येकांनी पहिल्यांदा विमान जवळून पाहिलं, आणि 2023 च्या जानेवारीत मोपं सुरू झाल्यावर तर आखातातली पोरं सणाला घरी दिसायला लागली. आई गेली तेव्हा मी गाडीत होते. सावंतवाडीला जाणारी रात्रीची गाडी, आणि माणगावच्या आसपास फोन आला. उरलेली रात्र मी त्या खिडकीशी कशी काढली ते मलाच माहीत. तेव्हा विमान असतं तर? हा प्रश्न मी कितीदा मनात आणला आणि परत ठेवून दिला. पण हेही खरं की त्या रात्रीने मला वेळ दिला. पहाटे रत्नागिरीला उजाडलं, पुढे एकेक स्टेशन येत गेलं, आणि कुडाळला उतरले तेव्हा मी आई नसलेल्या घरात पाऊल टाकण्याइतपत तयार झाले होते. एका तासात तिथे जाऊन पडले असते तर काय झालं असतं, कुणास ठाऊक. जिवंत माणसाला गाठायला विमान हवंच, हे मी मान्य करते. बाकी सगळ्या वेळी मला गाडी हवी.

बाबांचं प्लास्टर काढायचं होतं गणपतीच्या आधी. या वेळी मी सकाळच्या गाडीची खिडकी धरली, साधा डबा, उघडी काच. वहीबिही काही घेतली नाही, नुसती बसले. कुंडलिका गढूळ होती. सावित्रीवर ढग इतके खाली आले होते की पलीकडचा काठ दिसेना. शेतं पोपटी झालेली, बांधांवर तेरडा फुललेला. खेडच्या अलीकडे नातूवाडीच्या बोगद्यात मुलांनी नेहमीप्रमाणे आरोळ्या ठोकल्या. चिपळूणला वाशिष्ठी आली. पाणी तांबूस, चहासारखं, काठाच्या झाडांच्या बुंध्यांना लागलेलं पण फांद्यांच्या बरंच खाली, आणि मधल्या बेटावर चार म्हशी उभ्या. मी म्हशी मोजल्या. बाबा विचारतील म्हणून.

उक्षीला क्रॉसिंग लागलं. पाऊस थांबला होता, धबधब्याचा आवाज मात्र येत होता. तेवढ्यात फोन वाजला. बाबा. डाव्या हाताने फोन धरायची सवय नाही, म्हणून आवाज एकदा जवळ, एकदा लांब.

‘‘खय पोचलंस?’’

‘‘उक्षी. क्रॉसिंगाक थांबलंव.’’

‘‘जेवलंस?’’

जेवले म्हटलं. ते काही तरी तिरफळं वाळत घातल्याचं सांगू लागले, समोरून मालगाडी गेली, मग आमची हलली. आवाज तुटायला लागला. मी म्हटलं, ‘‘बाबा, बोगदो येतलो,’’ आणि ते काही बोलायच्या आत अंधार झाला. करबुड्याचा बोगदा, साडेसहा किलोमीटर. डब्यातले दिवे पिवळे झाले, कानांत दडे बसले, खिडकीतून गार, ओलसर, दगडाच्या वासाची हवा आली. फोन हातात तसाच होता, त्यावर एकही रेघ नव्हती. समोरची मुलगी आईच्या कुशीत शिरली. मी नेहमीसारखी भिंतीवरून मागे जाणाऱ्या दिव्यांकडे बघत राहिले, आणि संपत नाही संपत नाही म्हणता म्हणता उजेड एकदम अंगावर आला, हिरवा, डोळे दिपवणारा. पुढे स्टेशन. मी त्यांना फोन लावणार तोच तिकडून आला. ते घड्याळ लावून बसले असणार.

‘‘भोके?’’

‘‘भोके, बाबा.’’

‘‘बरा,’’ ते म्हणाले. मी सांगायला सुरुवात केली, ‘‘वाशिष्ठीक पाणी...’’

‘‘ता आता नको,’’ त्यांनी मला थांबवलं. ‘‘फोनार नको. घराक इल्यावर सांग.’’